एमजीबी सुरू होत नाही तेव्हा: आधी मल्टीमीटर, मग पाना

पन्नास वर्षांची स्पोर्ट्स कार किल्ली फिरवूनही सुरू झाली नाही की बहुतेक मालकांचा खर्च एका ठरलेल्या क्रमाने होत जातो. आधी नवी बॅटरी येते, मग स्टार्टर मोटर बदलली जाते, त्यानंतर अल्टरनेटरवर संशय घेतला जातो, आणि एवढे करूनही एखाद्या थंड सकाळी गाडी पुन्हा तशीच अडून बसते. माझ्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर आहे आणि इंग्लंडमध्ये राहून तिची देखभाल मी स्वतःच करतो. या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. जुन्या गाडीत एखादा भाग निकामी होण्यापेक्षा दोन भागांमधला जोड कुजलेला, सैल झालेला किंवा रंगाखाली दबलेला असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, आणि असा जोड नुसते बघून कळत नाही. सेल्फ मारत असताना व्होल्टेज मोजले तरच तो सापडतो.

एमजीबी ही १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार झालेली गाडी आहे आणि तिचे दोन्ही प्रकार, म्हणजे उघडी रोडस्टर आणि छताची जीटी, मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. मराठी वाचकांना तिचे इंजिन अगदीच परके नाही, कारण आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षे जे १४८९ सीसीचे इंजिन होते त्याच बी-सीरिज घराण्यातले १७९८ सीसीचे इंजिन एमजीबीत आहे. ज्यांनी ॲम्बेसेडरच्या डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून सीबी पॉइंट, म्हणजे इग्निशनचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट, घासले आहेत, त्यांना एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर बरेच काही ओळखीचे वाटेल. या गाडीत संगणक नाही, सेन्सर नाहीत, आणि सुरू होण्याशी संबंधित सगळे वायरिंग एका पानावर काढता येते. म्हणूनच घरच्या घरी दोष शोधणे शक्य आहे, आणि म्हणूनच अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्याला काही निमित्त उरत नाही.

सुरुवातीला करंटची वाट नीट समजून घ्यावी. माझ्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, जमिनीखालच्या दोन वेगळ्या खाचांमध्ये बसवलेल्या आहेत आणि त्यांना एका आडव्या केबलने जोडून बारा व्होल्ट मिळवलेले आहेत. तिथून एक जाड केबल गाडीच्या पोटाखालून पुढे जाऊन स्टार्टरवरच्या सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेने खेचल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचच्या, मोठ्या बोल्टवर संपते. त्याच बोल्टवरून तपकिरी वायर निघतात आणि त्या उरलेल्या सगळ्या गाडीला करंट पुरवतात. किल्ली फिरवली की पांढऱ्या-लाल वायरीतून सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर करंट येतो, आतला लोखंडी दांडा खेचला जातो, त्याबरोबर स्टार्टरचे लहान दातेरी चाक (पिनियन) इंजिनच्या मोठ्या चाकाच्या (फ्लायव्हील) दात्यांत अडकते आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाची तांब्याची चकती दोन मोठे बोल्ट जोडून मोटरला पूर्ण करंट देते. इथवरचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो.

परतीच्या वाटेचा मात्र फार थोडे लोक विचार करतात. स्टार्टर इंजिनला बोल्टने आवळलेला असतो, पण इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, त्यामुळे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने तुटलेलेच असतात. त्या दोघांना जोडणारी एक विणीची अर्थिंग पट्टी गाडीखाली असते. स्टार्टरने घेतलेला सगळा करंट त्या पट्टीतून बॉडीत, बॉडीतून मागे बॅटरीच्या अर्थ केबलमध्ये आणि तिथून बॅटरीत परत जातो. जाण्याच्या वाटेवर जेवढे जोड आहेत जवळपास तेवढेच परतीच्या वाटेवर आहेत, आणि परतीचे जोड गाडीखाली पाणी, चिखल आणि इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकले जाणारे मीठ झेलत असतात.

वर्षाची एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले होते. त्यानंतर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि निगेटिव्ह टोक बॉडीला गेले. पुढे अनेक मालकांनी जुन्या गाड्याही बदलून घेतल्या आहेत. म्हणून नुसत्या सालावर विसंबू नये; दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावण्याआधी कोणते टोक बॉडीला गेले आहे ते प्रत्यक्ष पाहावे. मी खाली जे आकडे देतो आहे ते निगेटिव्ह अर्थच्या गाडीचे आहेत.

मल्टीमीटर हातात घेण्याआधी कान आणि डोळे वापरावेत. हेडलाइट लावून किल्ली स्टार्टवर धरावी आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड पाहावा. उजेड जसाच्या तसा राहिला आणि इंजिन हलले नाही, तर स्टार्टरपर्यंत करंट पोहोचतच नाही, म्हणजे दोष किल्ली, रिले, पांढरी-लाल वायर किंवा सोलेनॉइडची चकती यांपैकी कशात तरी आहे. उजेड खूप मंद झाला आणि इंजिन कष्टाने फिरले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा स्टार्टर आतून घासत असून अवाजवी करंट खेचतो आहे. दिवे पूर्ण विझले आणि किल्ली सोडल्यावर पुन्हा हळूहळू आले, तर बॅटरीच्या टर्मिनलवरच जोड सैल आहे असे समजायला हरकत नाही. दिव्यांवर फारसा परिणाम न होता इंजिन मात्र सुस्त फिरते, हा प्रकार सर्वांत फसवा आहे, आणि माझ्या गाडीत नेमका तोच होता.

आवाजालाही अर्थ असतो. एकच ठळक ‘टक’ ऐकू आला तर सोलेनॉइड खेचला गेला आहे, पण मोटरला पुरेसा करंट मिळालेला नाही. ‘टकटकटक’ अशी मालिका सुरू झाली तर बॅटरीत दम नाही किंवा वाटेत अडथळा आहे. याचे कारण असे की सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात: एक जोरात खेचणारी आणि दुसरी धरून ठेवणारी. चकती टेकली की खेचणारीचे काम संपते आणि सगळा भार धरून ठेवणारीवर येतो. त्याच क्षणी मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळते, धरणारी गुंडाळी दांडा सोडून देते, मोटर बंद पडल्यामुळे व्होल्टेज परत वर येते आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते. असा आवाज करणारा सोलेनॉइड बहुधा निर्दोष असतो, आणि तरीही तोच आधी बदलला जातो, याचे मला वाईट वाटते.

आता मोजणीकडे येतो. अनेक जण गाडी उभी असताना स्टार्टरच्या बोल्टवर मीटर लावतात, १२.५ व्होल्ट दिसतात आणि केबल ठीक आहे असा निष्कर्ष काढतात. नळ बंद असताना गाळाने तुंबलेल्या पाइपमध्येही पाण्याचा पूर्ण दाब असतो. तो पाइप तुंबलेला आहे हे नळ सोडल्यावरच कळते. मल्टीमीटरचा रेझिस्टन्सचा काटाही इथे उपयोगाचा नाही. स्टार्टर १६० अँपिअर घेत असेल, तर ०.०१ ओहमच्या अडथळ्यावर १.६ व्होल्ट वाया जातात, आणि ०.०१ ओहम हा आकडा साधे मल्टीमीटर दाखवूच शकत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा त्याहून कितीतरी जास्त असतो. त्यामुळे अडथळा मोजण्याच्या भानगडीत न पडता, प्रत्यक्ष करंट वाहत असताना त्या तुकड्याच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजायचे.

त्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, चाकांना अडण लावावी आणि इंजिन चुकूनही सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची पांढरी वायर काढून ती बॉडीला लागणार नाही अशी बाजूला बांधावी. हातातले कडे, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. एमजीबीच्या तपकिरी मुख्य वायरीला फ्यूज नाही. पान्याचे टोक एकाच वेळी त्या बोल्टला आणि बॉडीला टेकले तर काय होते हे कोणी प्रत्यक्ष अनुभवू नये. किल्ली फिरवायला दुसरी व्यक्ती लागतेच. एका वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन मोजण्यांच्या मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्यावे.

मीटर आधी बॅटरीच्या दोन टोकांवर लावावा. पिना क्लॅम्पवर न टेकवता थेट शिशाच्या खुंटीवर टेकवाव्यात, म्हणजे क्लॅम्पचा दोष मोजणीत लपून राहत नाही. माझ्या गाडीत विश्रांतीच्या वेळी १२.६ व्होल्ट होते, म्हणजे बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या होत्या, आणि सेल्फ मारताना ११.० व्होल्ट दिसले. सर्वसाधारण हवामानात हा आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा. ११.० व्होल्ट असूनही इंजिन सुस्त फिरत होते, त्यामुळे बॅटरीचा प्रश्न तिथेच मिटला. मग मीटर स्टार्टर मोटरचा बोल्ट आणि तिची लोखंडी बॉडी यांच्यामध्ये लावला, तर फक्त ८.६ व्होल्ट पोहोचत होते. मधल्या वाटेत २.४ व्होल्ट गायब होते, आणि या २.४ व्होल्टचा पै-पैचा हिशेब लागलाच पाहिजे.

तो हिशेब असा लागला. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सोलेनॉइडच्या पहिल्या मोठ्या बोल्टपर्यंत, म्हणजे लांबलचक केबलसकट, ०.४ व्होल्ट पडत होते. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये, म्हणजे आतल्या चकतीवर, ०.२ व्होल्ट पडत होते. बॅटरीची निगेटिव्ह खुंटी आणि तिच्याजवळची बॉडी यांच्यात ०.२ व्होल्ट होते. हे तिन्ही आकडे एवढ्या जुन्या गाडीला शोभणारे आहेत. शेवटी मीटरची एक पिन बॉडीच्या स्वच्छ खरवडलेल्या धातूवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारला, तेव्हा १.६ व्होल्ट दिसले. चारही मिळून बरोबर २.४ होतात. इंजिन आणि बॉडी यांच्यामधला हा फरक ०.२ च्या आसपास असायला हवा होता.

या आकड्याला एक साक्षीदारही होता. चोकची केबल डॅशबोर्डपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाते, म्हणजे तिचे एक टोक बॉडीला आणि दुसरे इंजिनला लागलेले असते. अर्थिंग पट्टीतून वाट मिळाली नाही की करंट या बारीक केबलीच्या बाहेरच्या तारेतून वाट काढतो. काही वेळ सेल्फ मारल्यावर मी त्या केबलीला हात लावला तेव्हा ती स्पष्ट कोमट लागली. ज्या जुन्या गाड्यांत चोक किंवा थ्रॉटलची केबल वारंवार अडकते, तिचे आवरण वितळते किंवा तिथून जळका वास येतो, तिथे केबल बदलण्याआधी अर्थिंग पट्टी पाहावी. अडलेल्या जोडात १६० अँपिअर आणि १.६ व्होल्ट म्हणजे अडीचशे वॉटपेक्षा जास्त उष्णता तयार होते.

गाडी स्टँडवर उचलून पट्टी काढली तेव्हा वरून ती जवळजवळ नवी दिसत होती. विणीची तार तुटलेली नव्हती, बोल्टही घट्ट होता. मात्र बोल्ट सोडवून लग, म्हणजे पट्टीच्या टोकाचा भोकाचा धातूचा तुकडा, उलटा केल्यावर कारण उघड झाले. माझ्या आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी गाडीचा तळ रंगवला गेला होता, आणि पट्टी त्या जाड काळ्या रंगावरच बसवून बोल्ट आवळलेला होता. लगच्या कडेने रंगावर नखाएवढी चंद्रकोर घासली गेली होती आणि तेवढ्याच चमकणाऱ्या लोखंडातून स्टार्टरचा सगळा करंट जात होता. त्या चंद्रकोरीभोवती रंग फुगून तपकिरी पडला होता, आणि लगमध्ये शिरणाऱ्या तारांच्या मुळाशी हिरवी पूड साठली होती. या गाडीचा स्टार्टर एका गॅरेजने आधीच बदललेला होता. जुना स्टार्टर बहुधा अजूनही चांगलाच असेल.

दुरुस्ती साधी होती. बॉडीवरचा रंग लगच्या आकाराएवढा पूर्ण खरवडला, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत केले, नवी पट्टी दातेरी वॉशरसह बसवली आणि सगळे घट्ट आवळून झाल्यावरच वरून ग्रीसचा थर दिला. ग्रीस दोन धातूंच्या मध्ये भरण्यापेक्षा जोडावर बाहेरून लावलेले बरे, कारण तिथे तिचे काम पाणी रोखण्याचे आहे. त्याच वेळी बॅटरीजवळचा बॉडीचा जोडही साफ केला. मग तीच मोजणी पुन्हा केली, आणि त्यातला एक आकडा पाहून काहींना गोंधळायला होईल: बॅटरीवर आता ११.० ऐवजी १०.६ व्होल्ट दिसत होते. बॅटरीचे व्होल्टेज घटले, पण स्टार्टरपर्यंत ८.६ ऐवजी ९.७ व्होल्ट पोहोचू लागले. अडथळा गेल्यामुळे मोटरला हवा तेवढा करंट मिळू लागला आणि त्यामुळे बॅटरीवरचा भार वाढला. म्हणजे फक्त बॅटरीवर मीटर लावून बसणाऱ्याला दुरुस्तीनंतर गाडी बिघडली असे वाटले असते.

सगळ्याच गाड्यांत दोष इथे सापडेल असे नाही. हेडलाइट मंद न होता फक्त शांतता असेल, तर सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर किल्ली फिरवताना किती व्होल्ट येतात ते पाहावे. ते बॅटरीपेक्षा एखाद्या व्होल्टहून अधिक कमी असतील, तर पांढऱ्या-लाल वायरीच्या मागे मागे जावे. माझ्या गाडीत मध्ये रिले आहे. ज्या गाड्यांत तो नाही तिथे सोलेनॉइडचा करंट थेट किल्लीच्या स्विचातून जातो आणि स्विचाचे कॉन्टॅक्ट कालांतराने जळतात. वाटेतले गोळीसारख्या टोकाचे जोड रबरी नळीत लपलेले असतात आणि आत हिरवे पडतात. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगला नावे ठेवण्याची इथे प्रथाच आहे, पण माझ्या मते हा त्या वायरिंगवर अन्याय आहे. वायरींचे रंग इतके शिस्तशीर आहेत की अनोळखी गाडीतही तपकिरी म्हणजे कायम चालू आणि पांढरी म्हणजे किल्लीनंतर चालू एवढे लक्षात ठेवून माणूस वाट काढू शकतो. अर्धशतक कोणी साफ न केलेल्या जोडाचा दोष तो जोड बनवणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

बॅटरी दोषी ठरलीच, तर दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या गाडीत दोघी एकदम दोषी असतीलच असे नाही. सेल्फ मारताना प्रत्येकीवर वेगळा मीटर लावावा. एक ५.२ वर टिकली आणि दुसरी ३.८ पर्यंत कोसळली, तर उत्तर समोरच आहे. दोघींना जोडणारी आडवी केबल मात्र लोक विसरतात. तिच्या दोन टोकांच्या खुंट्यांमध्येही मोजावे. आणि कोणी बॅटरी तोडण्यासाठी फिरत्या गुंडीचा स्वस्त स्विच बसवला असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंनी अवश्य मोजावे.

इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, हा स्वतंत्र विषय असला तरी विजेचाच आहे. किल्ली इग्निशनवर आणल्यावर मागून फ्युएल पंपाची टकटक ऐकू आली आणि थोड्या वेळाने मंदावली, तर पांढऱ्या वायरीत करंट आहे एवढे निश्चित होते. सेल्फ मारताना टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा थरथरला, तर सीबी पॉइंट उघडझाप करत आहेत. काटा निपचित पडला असेल, तर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील, म्हणजे पांढऱ्या-काळ्या वायरीच्या टर्मिनलवर मीटर लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवावे. पॉइंट मिटलेले असताना जवळपास शून्य आणि उघडे असताना बारा व्होल्ट दिसायला हवेत. कायम बारा दिसले तर पॉइंट जळलेले आहेत किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या आतली, पॉइंटची पाटी बॉडीला जोडणारी नाजूक अर्थ वायर आवरणाच्या आत तुटलेली आहे. ती पाटी सतत हलत असल्यामुळे ही वायर वाकून वाकून तुटते आणि बाहेरून अखंड दिसते. कायम शून्य दिसले तर आधी कॉइलच्या पांढऱ्या वायरीवर बारा व्होल्ट येत आहेत ना याची खात्री करावी. ते येत असतील तर पॉइंटची वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे किंवा कंडेन्सर शॉर्ट झाला आहे. हे सर्व ठीक असेल तर पॉइंटमधील अंतर ०.०१४ ते ०.०१६ इंच आहे ना ते पाहून मगच पुढे जावे.

१९७४ नंतरच्या, काळ्या रबरी बंपरच्या एमजीबीत आणखी एक बारकावा आहे. तिच्या कॉइलला चालू इंजिनात रेझिस्टन्स वायरीतून कमी व्होल्टेज मिळते आणि सेल्फ मारताना मात्र सोलेनॉइडवरून थेट पूर्ण व्होल्टेज दिले जाते. त्यामुळे सेल्फ मारत असताना इंजिन पेट घेते आणि किल्ली सोडताच बंद पडते, असे झाले तर ती रेझिस्टन्स वायर तुटलेली आहे. उलट सेल्फ मारताना काहीच होत नाही आणि किल्ली सोडण्याच्या क्षणी इंजिन एकदा फुरफुरते, असे झाले तर सोलेनॉइडवरून कॉइलकडे येणारी वायर तपासावी. माझ्यासारख्या जुन्या क्रोम बंपरच्या गाडीत ही व्यवस्था नाही. तिथे हेच लक्षण दिसले तर सेल्फ मारताना कॉइलवर व्होल्टेज फार खाली जाते आहे असा अर्थ होतो, आणि वर सांगितलेली मोजणी बॅटरीच्या खुंटीपासून पुन्हा सुरू करावी लागते.